आधी मुलांचं मत, मग ॲपचं

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाला दोन मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. सातवी-आठवीची मुलं पक्ष्यांच्या नोंदी घ्यायला उत्सुक आहेत, ढिवर समाजातले काही मासेमारही सोबत यायला तयार आहेत. आवाज ऐकून किंवा फोटो पाहून पक्षी ओळखणारी एआय ॲप्स आता फुकट मिळतात. मग मुलांनी नुसते फोटो आणि रेकॉर्डिंग जमवायचं आणि ओळखायचं काम यंत्रावर सोडायचं, असं केलं तर ते संशोधन ठरेल का? आणि ठरलं, तर त्यात मुलांनी काय केलं म्हणायचं?

सर, तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच पहिल्याचं उत्तर आहे. मुलांच्या हाती फक्त जमवायचं काम राहिलं, तर नोंदींचा दर्जाही घसरतो. मी पूर्व विदर्भात गावकऱ्यांनी घेतलेल्या पक्ष्यांच्या नोंदी आणि रेकॉर्डरमधले आवाज यांवर काम करतो. आमच्याकडे एक नियम पक्का आहे: बघणाऱ्यानं आधी स्वतःचं मत कागदावर लिहायचं, ॲप त्यानंतर उघडायचं. या नियमाला सांख्यिकीचा भक्कम आधार आहे. तिकडे येतोच, पण सुरुवात जरा आधीपासून करावी लागेल.

पक्ष्याचं नाव कळणं हा संशोधनाचा एक छोटा तुकडा झाला. त्याआधी प्रश्न ठरवावा लागतो. "आमच्या तलावावर कोणते पक्षी आहेत?" या प्रश्नातून यादी मिळते. यादीलाही किंमत आहे, पण ती एका हिवाळ्यात संपते आणि मुलांचा उत्साहही तिच्यासोबत संपतो. तुमच्या भागात ढिवर महिलांनी तलावांतली बेशरम (फोफावणारं झुडूप) उपटून तिथे मूळच्या पाणवनस्पती परत लावण्याचं काम केलेलं आहे. तुमच्या दोनपैकी एखाद्या तलावावर असं काम झालं असेल किंवा पुढे होणार असेल, तर प्रश्न आयता मिळाला: कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी कोणत्या तलावावर, कोणत्या महिन्यात, किती वेळा दिसतात, आणि काम झाल्यावर त्यात फरक पडतो का? कमळपक्ष्याला चालायला तरंगती पानं लागतात, पाणकोंबडीला आडोसा लागतो. म्हणजे वनस्पती आणि पक्षी यांचा संबंध तपासण्यासारखा आहे. दोनच तलावांवरून कारण सिद्ध होणार नाही हे मात्र मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. एक तलाव गावाला लागून असेल, दुसरा जंगलाला. एकात पाणी मार्चपर्यंत टिकत असेल, दुसऱ्यात मेपर्यंत. शेजारच्या चार-पाच शाळांनी हीच पद्धत आपापल्या तलावांवर वापरली, तर मात्र त्या नोंदींना खरा जोर येईल.

पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तलावावर नेटवर्क आहे का, फोन किती आणि कोणाचे, दर आठवड्याला येणारी मुलं किती, आणि जमलेली माहिती बसून पाहायला तुमच्याकडे वेळ आहे का. यांपैकी शेवटची गोष्ट नसेल, तर रेकॉर्डिंगच्या फंदात या वर्षी पडू नका. न ऐकलेल्या आवाजांनी भरलेली मेमरी कार्डं मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहेत. वही आणि दुर्बीण एवढ्यावरही उत्तम काम होतं.

आता यंत्र नेमकं काय करतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय त्यावर विश्वास कुठे ठेवायचा हे कळत नाही. अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ आणि जर्मनीतलं केम्निट्झचं तंत्रविद्यापीठ यांनी मिळून केलेलं, आवाजावरून पक्षी ओळखणारं 'बर्डनेट' घ्या. ते आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतं. प्रत्येक तुकड्याचं चित्र बनवतं, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्वराची उंची. मग आधी शिकलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे प्रत्येक जातीपुढे शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा मांडतं. पक्षी दिसत नसताना, पहाटेच्या धुक्यात किंवा रात्री, हे काम फार मोलाचं आहे. रात्रभराचं रेकॉर्डिंग माणसानं ऐकायचं तर रात्रच जाईल. यंत्र ते पटकन चाळून देतं.

पण तो आकडा म्हणजे शक्यतेची टक्केवारी नसते. ०.८ दिसलं की लोक ऐंशी टक्के खात्री धरतात, आणि इथेच सगळं बिघडतं. टिटवीपुढचं ०.८ आणि पिंगळ्यापुढचं ०.८ यांचा भरवसा सारखा नसतो. कारण यंत्राला कोणत्या जातीचे किती आवाज शिकायला मिळाले, ते कुठले होते आणि तुमच्या तलावावर कोणकोणते दुसरे आवाज आहेत, यावर तो ठरतो. जुलैत बेडकांचा गलका सुरू झाला, बाजूच्या धानाच्या बांधीत मोटार चालू झाली, लांबून डीजे ऐकू आला, की यंत्राच्या यादीत नको ते पक्षी येऊ लागतात. उपाय कष्टाचा आहे, पण सोपा आहे. तुमच्या प्रश्नातल्या प्रत्येक जातीसाठी कमी, मध्यम आणि जास्त आकड्यांचे थोडे थोडे तुकडे काढा. ते कानांनी ऐका, बरोबर-चूक लिहा. मग या जातीसाठी अमुक आकड्याच्या वरचंच धरायचं अशी रेघ तुमच्या तलावापुरती आखा. ऋतू बदलला की पुन्हा तपासा. हे काम मुलं अतिशय चांगलं करतात. त्यांचे कान ताजे असतात आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा त्यांना कंटाळा येत नाही.

आता त्या नियमाकडे येतो. माणसांच्या आणि यंत्राच्या चुकांची जात वेगळी असते. वीस मुलं एकच बदक पाहून चुकली, तर कोणी अडई लिहील, कोणी हळदीकुंकू, कोणी "माहीत नाही". चुका विखुरतात, आणि विखुरलेल्या चुका बरीच निरीक्षणं एकत्र केली की बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. यंत्र मात्र चुकलं की दर वेळी त्याच दिशेनं चुकतं. हजार नोंदी जमवल्या तरी ती चूक विरत नाही, उलट हजार नोंदींमुळे ती खरी वाटायला लागते. आता समजा मुलीनं आधी ॲप उघडलं, त्यात 'शिक्रा' दिसलं आणि तिनं वहीत शिक्रा लिहिलं. तुमच्याकडे साक्षीदार दोन दिसतात, पण साक्ष एकच आहे. तिच्या नोंदीतून यंत्राची चूक पकडायची जी एकमेव वाट होती, ती बंद झाली.

शिक्र्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. नवेगावच्या जंगलात भृंगराज कोतवाल आहे, तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, शिकारी पक्ष्यांच्यासुद्धा. यंत्राला तीन सेकंद ऐकू येतात. त्या तीन सेकंदांत शिक्राच असतो. जंगलात वावरलेला माणूस मात्र आधीची आणि नंतरची दोन मिनिटं ऐकतो. एकामागून एक चार पक्ष्यांचे आवाज एकाच फांदीवरून आले हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो वर बघून लांब शेपटी शोधतो. हे ज्ञान तुमच्या गावात आहे. ॲप आधी उघडलं तर ते बोलतच नाही, कारण मोबाइलनं एकदा नाव सांगितलं की म्हातारी माणसं गप्प बसतात. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता गटात सगळ्यांत आधी मासेमाराला विचारतो, मग मुलांना, शेवटी फोनला.

आणखी एक धोका गावाबाहेरचा आहे. लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात त्या 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर २०१७पासून यंत्र फोटो पाहून नाव सुचवतं. तिथे तारीख, ठिकाण आणि पुरावा असलेल्या नोंदीवर ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की तिला संशोधनाच्या दर्जाची मानतात. सुरुवातीला त्यासाठी दोन माणसंही पुरतात. ही पद्धत चांगली आहे. पण दोघांनीही यंत्राच्याच सूचनेवर बोट ठेवलं असेल तर? ती नोंद पक्की ठरते आणि पुढे तशाच फोटोंवर यंत्र शिकतं. स्वतःचीच चूक त्याला पुन्हा शिकवली जाते. आपल्याकडच्या भागांतून मुळात नोंदी कमी, म्हणून इथे हा धोका अधिक. पक्षी पाहणारे लोक मोठ्या शहरांभोवती आणि प्रसिद्ध अभयारण्यांत जास्त फिरतात. ताडोब्याच्या गेटवर नोंदींचा ढीग असतो, शंभर घरांच्या गावातल्या बोडीची (छोट्या तळ्याची) एकही नोंद नसते. तुमच्या मुलांच्या वह्यांचं महत्त्व मी यासाठी इतकं धरतो.

यंत्र आणि माणसं यांची जोडी नीट जमली तर काय होतं, याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण टांझानियातल्या सेरेंगेटीचं आहे. तिथल्या कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे) लाखो फोटो जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या ओळखले. प्रत्येक फोटो अनेकांना दाखवला जाई, आणि ज्या फोटोवर मतं फाटली तो अवघड, हे आपोआप कळे. २०१८ साली त्यांच्याच उत्तरांवर शिकवलेल्या यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ लाख फोटो, ४८ जाती. ज्यांवर यंत्राला खात्री नव्हती ते थोडे फोटो माणसांसाठी बाजूला ठेवले, तेव्हा उरलेल्या ९९.३ टक्के फोटोंवर ते स्वयंसेवकांच्या ९६.६ टक्के अचूकतेला पोचलं. बातम्यांत "यंत्रानं माणसाची बरोबरी केली" एवढंच येतं. माझ्या लेखी महत्त्वाच्या गोष्टी दोन आहेत: शिकवणारी माणसं होती, आणि यंत्राला "मला कळत नाही" म्हणायची मुभा दिली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासानं दाखवलं की एका ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर शिकलेलं यंत्र नव्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर बरंच जास्त चुकतं, कारण प्राण्यासोबत ते मागची झाडंझुडपंही शिकून बसलेलं असतं. धानाच्या बांधीतला पक्षी आणि युरोपातल्या सरोवरातला पक्षी यांत हाच फरक आड येतो.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. २००७ साली 'गॅलॅक्सी झू' नावाचा प्रकल्प सुरू झाला. आकाशगंगांचे फोटो पाहून आकार सांगायचा, एवढंच काम लोकांना होतं. हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधल्या एका शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना एका फोटोत आकाशगंगेखाली विचित्र डाग दिसला आणि हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. दिलेल्या पर्यायांत त्याला जागाच नव्हती. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा तो आधी कोणी न पाहिलेल्या प्रकारचा, शेजारच्या आकाशगंगेच्या केंद्रातून आलेल्या प्रखर प्रकाशानं उजळलेला वायूचा ढग निघाला. ठरावीक खान्यांत वाटणी करायला शिकवलेलं यंत्र त्या डागाला कुठल्या तरी खान्यात टाकून पुढे गेलं असतं. तुमच्या तक्त्यात म्हणून एक रिकामा रकाना ठेवाच: "वेगळं काय दिसलं?" त्यात मुलांनी काहीही लिहावं. पाणी हिरवं झालं, कोणीतरी नवीन जाळं टाकलं, बगळे आज आलेच नाहीत.

बगळे आलेच नाहीत ही सुद्धा नोंद आहे. ॲप ही नोंद कधीच देत नाही, ते फक्त जे आहे ते सांगतं. म्हणून दहा मिनिटं उभं राहून जे जे ओळखता आलं ते सगळं लिहायचं, आवडतं तेवढंच लिहायचं नाही, आणि किती वेळ पाहिलं तेही लिहायचं. तरच पुढे "शंभर याद्यांपैकी किती याद्यांत कमळपक्षी होता" हे काढता येतं. २०२३चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच हिशेबावर उभा आहे. ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदी आणि ९४२ जातींचा आढावा. त्यात बहुतेक माणसं तुमच्या-माझ्यासारखी, हौसेनं पाहणारी.

यंत्रावर जास्त भार टाकावा अशाही जागा आहेत. कापसातल्या गुलाबी बोंडअळीचं घ्या. पतंगांना गंधानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग आले, की नियंत्रणाची वेळ झाली हा ठरलेला निकष आहे. सापळ्याचा फोटो काढायचा आणि पतंग यंत्रानं मोजायचे, असं ॲप वाधवानी संस्थेनं कापूस उत्पादकांसाठी केलं आहे. तिथे प्रश्न ठरलेला, कीटक एकच, सापळा तोच आणि उत्तरावर फवारणीचा निर्णय अवलंबून. मोजणीत यंत्र थकत नाही. तलावावर प्रश्न सैल असतो, पक्षी शंभर असतात आणि आवाज एकमेकांत मिसळलेले. म्हणून तिथे माणूस पुढे, यंत्र मागे.

माणूस पुढे याचा अर्थ काय, हे आपल्याच गडचिरोलीत फार आधी दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या दाईंना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. मिनिटाला श्वास किती, यावर निदान होतं, आणि अनेक दाईंना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधं साधन झालं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ, दहा श्वासांना एक मणी. मोजायचा बोजा मण्यांनी उचलला, पण बाळाकडे पाहून निर्णय घेणारी बाईच राहिली. त्या काळात न्यूमोनियाचे बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मला एआय त्या मण्यांच्या जागी हवं आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: प्रश्न आधी ठरवा, न दिसलेलंही लिहा, स्वतःचं मत यंत्राच्या आधी लिहा, आणि यंत्राचा आकडा आपल्या तलावावर तपासून घ्या. आता प्रत्यक्ष सुरुवात कशी करायची ते सांगतो.

एकाच तलावापासून सुरू करा. तलावाच्या पाळीवर (बांधावर) तीन-चार जागा कायमच्या ठरवा, ओळखू येईल असं झाड किंवा दगड धरून. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच वेळेला. प्रत्येक जागी दहा मिनिटं. तक्त्यात तारीख, जागा, वेळ, हवा, पक्षी, संख्या, "कशावरून ओळखला", मासेमाराचं मत, मुलांचं मत, आणि सगळ्यांत शेवटी ॲपचं मत. "कशावरून ओळखला" हा रकाना कधी गाळू नका. "पंखावर पांढरं, शेपटी लांब" असं लिहिलेलं पाच वर्षांनीही तपासता येतं. गावात जे नाव चालतं तेच लिहू द्या, प्रमाण नाव बाजूला तुम्ही लिहा. रेकॉर्डिंग करायचं तर दर वेळी तोच फोन, त्याच जागी, पाच मिनिटं, कोणी बोलायचं नाही. मूळ फाइल जशीच्या तशी जपा. पुढे चांगलं यंत्र आलं की जुनं रेकॉर्डिंग त्याला पुन्हा ऐकवता येतं. फक्त नावांची यादी उरली असेल तर ते जमत नाही. शेवटच्या दोन रकान्यांत जिथे फरक पडेल त्या ओळीवर खूण करा आणि शनिवारी त्याच ओळी मुलांसोबत सोडवा. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त शिक्षण त्याच तासाला होतं.

रोवणीच्या दिवसांत मुलं बांधीत असतील, नोंदी तुटतील. तुटलेला आठवडा कोरा ठेवा, अंदाजानं भरू नका.

दोन बाबतींत मात्र मी कडक आहे. पहिली सारसाची. राज्यात सारस मुख्यतः तुमच्याच जिल्ह्यात उरले आहेत, ते पावसाळ्यात धानात घरटं करतात, आणि शेतकरी व स्वयंसेवक मिळून त्यांची मोजणी करत आले आहेत. घरटं दिसलं तर त्याचं नेमकं ठिकाण कुठल्याही ॲपवर, व्हॉट्सॲप गटात टाकू नका. शेताच्या मालकाला आणि त्या मोजणीतल्या लोकांना सांगा, तेवढं पुरे. जवळ जाऊन फोटोही नको. दुसरी बाब माणसांची. तलावाच्या घाटावर बाया धुणं धुतात, अंघोळी होतात. घाटाच्या दिशेनं कॅमेरा नको आणि तिथे रेकॉर्डर ठेवायचा नाही. रेकॉर्डिंगमध्ये कोणाचं बोलणं आलं तर तेवढा तुकडा मात्र मूळ फाइलमधूनही पुसून टाका. हे मुलांना कारणासहित सांगा आणि काम सुरू करण्याआधी ग्रामसभेत व मासेमार संस्थेला विचारा. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाच्या अभ्यास गटांनी दाखवलं आहे की गावानं स्वतः बसून अभ्यास केला की त्यातून निघालेलं गाव मानतं. तुमचे तक्तेही दर ऋतूच्या शेवटी ग्रामसभेत वाचून दाखवा. तलावाचा लिलाव, गाळ काढणं, बेशरम उपटणं यांचे निर्णय तिथे होतात, आणि या नोंदींचा पहिला उपयोग तिथेच आहे. गावातल्या सजीवांची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीतही त्या जाऊ शकतात.

नोंदी ऑनलाइन कुठे टाकायच्या, असंही तुम्ही विचारलं आहे. 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तुमच्या स्वतःच्या खात्यावरून, आणि ज्या वेळी तुम्ही स्वतः हजर होतात तेवढ्याच. मुलांच्या नावानं खाती काढू नका. तिथे असामान्य नोंदीवर जिल्ह्याचा तपासनीस तुम्हाला लिहून विचारेल, "कशावरून ओळखला?" त्याचा राग मानू नका. वहीतला तो रकाना उघडा, रेकॉर्डिंग जोडा, आणि ज्या मुलानं पक्षी पाहिला त्यालाच उत्तर लिहायला बसवा.